बारापैकी शून्य

१

रंभाबाई चरडे सापडल्या तेव्हा टाकीचं झाकण लावलेलं होतं.

सगळा घोळ त्या झाकणाचा होता. बेसा भागातल्या नव्या बंगल्याच्या मागे जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी, आणि तिच्यावर दोन्ही हातांनी ओढावं लागेल असं लोखंडी झाकण. म्हातारी बाई तोल जाऊन टाकीत पडू शकते. पण पडल्यावर आतून झाकण ओढून घेऊ शकत नाही.

"म्हणून खुनाचा गुन्हा लावला, मॅडम," ठाणेदार पियुष बोबडे म्हणाले. "त्यात बुढीच्या घोट्यावर कापडानं बांधल्याचा वळ होता. आणि पिवळी ओढणी सापडली नातवाच्या खिशात."

डॉ. श्वेता रेवतकर ऐकत होती. डोक्याला मार लागलेल्या माणसांची स्मरणशक्ती तपासणं हे तिचं काम. रामदासपेठेतल्या तिच्या दवाखान्यात पोलीस क्वचितच येत.

नातू दुर्गेश शाळेत चित्रकला शिकवायचा. त्या दिवशी शाळा अर्धाच दिवस होती, म्हणून तो दुपारी घरी आला. त्याची बायको काजल औषधं आणायला गेली होती. ती परतली तर दुर्गेश जिन्याखाली बेशुद्ध, डोकं फुटलेलं, आणि आजी घरात नाही. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. वस्तीतले रस्ते आणि मोकळे प्लॉट अंधार पडेपर्यंत पालथे घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला कपडे धुवायच्या दगडाआड आजीची चप्पल दिसली, तेव्हा कुठे कुणाला टाकी उघडून पाहायचं सुचलं.

"दुर्गेश काय म्हणतो?"

"फाटकाशी गाडी लावली एवढंच आठवते म्हणतो. मंग डोळे उघडले ते दवाखान्यात. मधलं सगळं कोरं." बोबडेंनी कपाळावरचा घाम पुसला. "वकील म्हणतो, तसं सर्टिफिकेट द्या. मी म्हणतो, नाटक आहे. तुम्ही एवढंच सांगा, याले खरंच आठवत नाही, का आठवून राहिलं तरी लपवून राहिला?"

२

श्वेता आधी घर पाहायला गेली.

वरच्या मजल्यावरची आजीची खोली काजलनं दाखवली. खिडकीखाली खाट, कोपऱ्यात कूलर. रंभाबाईंचा जन्म नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बगिच्यात गेला होता. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला, म्हणून नातवंडांनी त्यांना इकडे आणलं.

"माणसं ओळखे नाही आजी," काजल म्हणाली. "पण बगिचा नाही विसरली. दिवसभर एकच. पाणी द्याचं राहिलं, इहिरीत पाणी आलं का पाहून येतो. दोनदा तर पार रिंग रोडापर्यंत गेली होती. मी अनवाणी धावली तिच्या मागं."

"तू औषधं आणायला गेलीस तेव्हा आजी काय करत होत्या?"

"झोपली होती." काजलनं नजर खाली वळवली.

"पायावरचा वळ?"

"मले नाही मालूम."

"ती ओढणी तुझीच ना?"

"माहीच आहे. घरात कुठंबी पडली राहते, मॅडम." तिच्या हाताची बोटं पदराशी चाळा करत होती. त्या बोटांना नखं अशी उरलीच नव्हती. कुरतडून कुरतडून ती आतपर्यंत गेली होती.

खाली दिवाणखान्यात दुर्गेशचा थोरला भाऊ साहिल बसला होता. बंगला त्याचाच, सगळे एकत्र राहत; त्याचं पाईप आणि नळांचं दुकान होतं. श्वेता दिसताच तो उठून उभा राहिला, चहा सांगितला. गेले काही दिवस झोप नसल्यासारखा चेहरा.

"मी सकाळीच दुकानात गेलो, मॅडम. टँकर यायच्याबी आधी. दुपारी दुर्गेशचं समजलं तसा सरळ दवाखान्यात. आजीले काढलं तवाबी मी त्याच्यापाशीच होतो. मंग पोलिसांनी मागचं अंगण बंदच केलं. त्या दिवशीचं मागचं मी काहीच पाह्यलं नाही." तो थोडा थांबला. "वकील मीच लावला. भाऊ आहे माहा. त्याले खरंच आठवत नसन, तर सजा कमी होते ना?"

श्वेतानं चहाचा कप खाली ठेवला. भाऊ निर्दोष असेल, असं साहिल एकदाही म्हणाला नव्हता, हे मात्र तिच्या लक्षात राहिलं.

३

पोलिसांनी काढलेले फोटो आणि काजलची माहिती यांवरून तिनं चोवीस प्रश्न तयार केले. प्रत्येकाला दोनच उत्तरं, एक खरं आणि एक खोटं. बारा प्रश्न आजीच्या खोलीतले होते. खिडकी उघडी होती की लावलेली? खाटेवरची चादर निळी की तपकिरी? ताटलीत सोललेलं संत्रं होतं की मोसंबी? उरलेले बारा मागच्या अंगणातले होते. बादली उभी की पालथी? नळी गुंडाळलेली की पसरलेली? सगळं त्याच दिवसापुरतं, घरच्या माणसालाही नेहमीच्या सवयीवरून सांगता येऊ नये असं.

दुर्गेश रुग्णालयाच्या पलंगावर बसला होता. डोक्याला पट्टी, दाराशी शिपाई.

"आठवत नसलं तरी चालेल," ती म्हणाली. "अंदाजानं एक सांगायचं. माहीत नाही, हे उत्तर चालणार नाही."

"मले काहीच आठवत नाही, मॅडम."

"म्हणूनच अंदाज."

खोलीच्या प्रश्नांना तो थांबत होता. डोळे मिटायचा, ओठ आवळायचा, मग उत्तर द्यायचा. अंगणाच्या प्रश्नांना मात्र चटचट बोलून मोकळा होत होता. शेवटी त्यानं विचारलं, "किती चुकले?"

हा प्रश्न त्यानं ज्या आवाजात विचारला, त्यात काळजी नव्हती, आशा होती. श्वेता उत्तरांचे कागद घेऊन बाहेर आली.

चोवीसपैकी सहा बरोबर होती.

"म्हणजे खरंच विसरला," बोबडे हिरमुसले. "अठरा चुका!"

"उलट," श्वेता म्हणाली. "नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी बाराच्या आसपास बरोबर आली असती. ज्याला काही माहीत नाही, त्याचीही निम्मी जुळतात. सहा किंवा त्याहून कमी यायचा योग शंभरात एखाद्याच वेळी. इतकं चुकायला खरं काय ते माहीत असावं लागतं. बरोबर उत्तर ओळखायचं आणि ते टाळायचं."

बोबडे उभेच राहिले. "म्हणजे फसला! त्याले सगळं याद आहे. त्यानंच मारलं!"

श्वेताचं लक्ष उत्तरांवर होतं. बरोबर आलेली सहाही उत्तरं एकाच बाजूला गोळा झाली होती.

"थांबा, ठाणेदार साहेब," ती म्हणाली. "वरच्या खोलीत बारापैकी शून्य आहे. अंगणात बारापैकी सहा."

४

बोबडेंना ते समजायला वेळ लागला. श्वेतानं घाई केली नाही.

"गणितात याला द्विपद वितरण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट नाण्याचीच. बारा वेळा नाणं उडवलं तर छापा-काटा पडायचे चार हजार शहाण्णव वेगवेगळे क्रम होतात. त्यातला बाराही चुकीचे असणारा क्रम एकच. सहा बरोबर आणि सहा चूक असणारे मात्र नऊशे चोवीस. इतर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त."

"म्हणजे?"

"म्हणजे वरच्या खोलीत काय होतं ते त्याला पक्कं माहीत आहे, आणि तो ते जीव तोडून लपवतोय. अंगणात मात्र तो खरोखर अंदाज करत होता. तो तिथे गेलाच नव्हता."

"पण बुढी तर टाकीत होती."

"हो. आणि झाकण कुणीतरी लावलं होतं."

बोबडे खुर्चीत बसले.

"पण एवढ्यावर त्याला सोडू नका," श्वेता म्हणाली. "मी उत्तरं आधी पाहिली आणि मग वर-खाली अशी वाटणी केली. घडून गेल्यावर आकृती शोधली तर ती कशातही सापडते. अंगणाचे बारा नवे प्रश्न काढते. माझं म्हणणं आधीच ऐकून ठेवा. दुर्गेशची पाच, सहा किंवा सात बरोबर येतील."

शिवाय प्रश्न बघूनच उत्तर कळत नाही ना, हेही पाहायला हवं होतं. त्यासाठी ज्यांनी त्या दिवशीचं अंगण पाहिलंच नाही अशी माणसं लागणार होती. काजलनं आजीला शोधताना मागे डोकावून पाहिलं होतं, म्हणून ती बाद. श्वेताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या यमुताईंनी ते घरही पाहिलं नव्हतं. आणि साहिल होता. घर त्याच्या ओळखीचं, त्या दिवशीचं अंगण नाही. अशा तपासणीला तो अगदी योग्य होता. काय तपासायचं आहे ते सांगून श्वेतानं त्याला विचारलं.

"भावाच्या कामी येत असन तर काहून नाही?" तो लगेच म्हणाला.

दुर्गेशची सात बरोबर आली. यमुताईंची पाच.

श्वेतानं साहिलची उत्तरं तपासली. मग पुन्हा पहिल्यापासून तपासली. तिला वाटलं, आपण खरं-खोटं उलटं धरलं असावं. तसं नव्हतं.

साहिलचं एकच उत्तर बरोबर होतं.

५

"तीनशे पंधरा माणसांनी डोळे मिटून अंदाज केला, तर त्यातल्या एखाद्याचं इतकं वाईट जमेल," तिनं बोबडेंना सांगितलं. तिच्या आवाजात विजय नव्हता. साहिलला तिनं मदतीला बोलावलं होतं. "हा पुरावा नाही. तीनशे पंधरातला तो एक साहिल असूही शकतो. पण टँकर घेऊन कोण आलं होतं, त्याला विचाराल का?"

बोबडे निघाले. श्वेता दुर्गेशकडे गेली आणि शिपायाला दाराबाहेर थांबायला सांगितलं.

"दुर्गेश, तुला सगळं आठवतंय, हे मला कळलं. आणि तू आजीला मारलं नाहीस, हेही कळलं."

त्यानं मान वर केली.

"वरच्या खोलीतलं एकही उत्तर तू बरोबर येऊ दिलं नाहीस. का?"

"मले वाटलं," तो हळूच म्हणाला, "ज्याले याद नाही त्याचे सगळेच चुकत असतीन."

"नाही. त्याची निम्मी जुळतात."

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

"आजी बांधून होती, मॅडम. काजलच्या ओढणीनं, पाय खाटेले. रडून राहिली होती. मले म्हणे, दादा, मले सोड गा, पाणी द्याचं हाये बगिच्याले. मी सोडलं. ओढणी खिशात टाकली. मनात आलं, काजलनं... मंग वाटलं, ती एकटी काय काय करन? दिवसभर तिच्या मागं धावते, राती झोप नाही. आजी जिन्याकडं निघाली. मी हात धरला, तर तिनं मले झटकलं. मले ओळखेच नाही ती. माहा पाय चुकला. पुढचं खरंच नाही याद."

"मग पोलिसांना सांगितलं का नाहीस?"

"शुद्ध आली तं पोलीस म्हणे, बुढी टाकीत, वरून झाकण लावेल. घरात होतं कोण? मी जिन्याखाली. मंग उरलं कोण?" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी ओढणीचं सांगतलं असतं, तं काजलले उचललं असतं."

६

टँकरवाल्याचं नाव कवडू. तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"साहिलभाऊ होते ना तिथं," त्यानं सांगितलं. "टाकी भरली. मी झाकण ओढाले लागलो तं म्हणे, राहू दे, मोटरची नळी पाहाची हाये, मी लावतो मंग. मी निघून गेलो."

साहिलला ठाण्यात बोलावलं. श्वेता कोपऱ्यात बसली होती. बोबडेंनी आवाज चढवला नाही. कवडूचं सांगणं त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "टँकर यायच्या आधी गेलो म्हणाला होता तू."

साहिलनं नाकारलं. मग पाणी मागितलं. ग्लास हातात धरून तो बसून राहिला. प्यायला नाही.

"दुकानातून फोन आला," तो अखेर म्हणाला. "झाकण तसंच राहिलं. दुपारी याद आली, म्हणून परत आलो. बाजूच्या फाटकातून सरळ मागं गेलो. घरात गेलोच नाही. दुर्गेश तिथं पडून आहे हे मले मालूम नव्हतं, आईशप्पथ."

"आणि टाकीत?"

"लुगडं दिसलं."

खोलीतला पंखा फिरत होता.

"गावातले सगळे म्हणत होते, बुढीले शयरात नेऊ नका, मरन ती तिथं. मीच हट्ट धरला होता. माह्या घरात राणीसारखी ठेवतो म्हणलं होतं. आता सारे म्हणतीन, साहिलनं टाकी उघडी टाकली अन आजी गेली. मले काही सुचलं नाही. मी झाकण ओढलं. वाटलं, कुठं गेली कोणाले समजणार नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. चप्पल दिसलीच नाही मले."

म्हणूनच चप्पल दगडाच्या कोणत्या बाजूला होती, एवढ्या एकाच प्रश्नाला त्याचं उत्तर खरोखर अंदाजाचं होतं. तेच तेवढं जुळलं होतं. श्वेताला ते कळलं, आणि कळल्याचा आनंद झाला नाही.

"ती हलत होती का?" बोबडेंनी विचारलं.

"मले नाही मालूम."

"पाहिलं नाही?"

"मी पाहाले थांबलो नाही, साहेब."

"आणि तुह्या भावाले खुनात उचललं, तवा?"

"म्हणून तर वकील लावला!" तो एकदम ओरडला आणि लगेच खचला. मग त्यानं श्वेताकडे तोंड वळवलं. "मॅडम, तुम्ही हिशेब करता ना. मी आलो तवा ती जिती असन का? काही तरी सांगा. किती टक्के?"

डॉक्टरांच्या अहवालात मृत्यू बुडून झाला एवढंच होतं. आजी किती वाजता टाकीपाशी गेली, ते कुणी पाहिलं नव्हतं. श्वेताला त्याला एखादा आकडा देऊन टाकावासा वाटला, इतकं त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मोजायला काहीच नाही तिथे."

साहिलनं ग्लास टेबलावर ठेवला. बोबडेंनी शिपायाला हाक मारली.

७

दुर्गेशवरचा पहारा उठला त्या दिवशी काजल त्याला न्यायला आली. जाण्याआधी दोघं श्वेताच्या दवाखान्यात थांबली. दुर्गेशला अजून तोल सांभाळून चालावं लागत होतं. श्वेतानं त्याचे डोळे तपासले, औषधं सांगितली.

काजलनं बोबडेंना सगळं आपणहून सांगून टाकलं होतं. ओढणी मऊ होती, गाठ सैल बांधली होती, औषधाचं दुकान चौकातच होतं, दहा मिनिटांत परत येणार होती. रांग होती म्हणून उशीर झाला.

"रोज नव्हती बांधत, मॅडम," ती श्वेताला म्हणाली. "त्याच दिवशी."

"मी तुला काही विचारलं नाही, काजल."

"यानंबी नाही विचारलं." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू काहून नाही विचारलं मले? दवाखान्यात मी रोज येत होती. बाहेर बाकावर बसून राहे. शिपायाले सांगून एक चिठ्ठी तरी पाठवाची. तुले वाटलं, मी मारलं आजीले?"

दुर्गेश औषधांच्या कागदाची घडी घालत राहिला.

"खरं सांग गा. वाटलं?"

"वाटलं," तो म्हणाला. "मंग वाटलं, तू असशील तरी तुले जाऊ द्याचं नाही."

काजल उठली. औषधांची पिशवी घेतली आणि दाराबाहेर गेली. श्वेतानं खिडकीतून पाहिलं. ती झपाझप फाटकापर्यंत गेली, रस्त्यावर आली, एका रिक्षापुढे हात केला. दुर्गेश जिना उतरून मागे निघाला होता, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल चाचपत. भिंत संपली तिथे तो उभा राहिला. पुढे धरायला काही नव्हतं.

काजलनं वळून पाहिलं. रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं. मग ती परत आली, त्याच्या काखेखाली हात घातला, आणि त्याच्याकडे न बघता त्याला चालवत घेऊन गेली.